याशिका की झोर्की

मुनव्वरभाईंनी दोन्ही कॅमेरे
घडी घातलेल्या टॉवेलावर ठेवले,
जिथं पूर्वी पासपोर्ट फोटो कापायची सुरी असायची.
परभणी, स्टेडियमच्या मागची गल्ली, दुपारचे अडीच.
शेजारच्या दुकानात कुणीतरी
मोबाइलवर काच चिकटवत होतं, फुगा राहिला म्हणून पुन्हा काढत होतं.
भाव एकच : अडीच हजार.
एकच विकणार, एक ठेवणार.
कुठला, ते तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मी मोजणी खात्यातली.
सव्वीस वर्षं बांधावर उभी राहून
दोन भावांचं एकच शेत दोन टोकांकडून पाहिलेलं.
म्हणून हे यंत्र मला लगेच कळलं :
मधल्या पिवळट चौकोनात माणूस दोनदा दिसतो,
कडं फिरवायचं,
एक दुसऱ्याच्या अंगावर सरकत येतो
आणि जिथं बसतो, तेवढं अंतर.
साखळी नाही, पंच नाही, हरकत नाही.

याशिका उचलली.
समोर मुनव्वरभाई, दोन चष्मे, दोन पांढऱ्या दाढ्या,
अर्ध्या वळणात एक झाले.
सव्वा मीटर. मी मनात फूट केले : चार फूट, वर एक इंच.
बटण हलकं दाबलं की पिवळा दिवा : उजेड कमी, हात हलू देऊ नका.
लाल : उजेड फार.
शहाणं यंत्र.
फक्त तिचा जुना सेल आता कुठंच मिळत नाही,
म्हणून पोटात चार बटणसेल, चॉकलेटची चांदी
आणि बॉलपेनातली एक स्प्रिंग.

झोर्की जड, वाण्याच्या किलोसारखी.
तिचा एक नियम :
आधी चाप ओढायचा, वेग मग बदलायचा.
उलट केलं की आतले दात मोडतात.
अब्बांनी हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं, म्हणाले.
आणि तिच्या पडद्याला एक छिद्र आहे.
एप्रिलातलं लग्न, सेलूला, मांडवाबाहेर खुर्चीवर
ती तोंड वर करून पडून राहिली.
जेवणं आटोपेपर्यंत
उन्हानं काचेतून उतरून काळं कापड जाळलं होतं,
सुईच्या टोकाएवढं.
तेव्हापासून प्रत्येक फोटोत, डावीकडं वर, एक पांढरा ठिपका.
रात्री बसून ब्रशनं भरायचे, एकेक वऱ्हाड.
"त्या दिवशी झाकण लावायचं विसरलो.
मग धसका घेतला, तर पुढच्या लग्नात काढायचंच विसरलो.
हिच्यात तसंच असतंय मॅडम,
डोळ्याला सगळं दिसतंय, काच आंधळी."

मी त्यांच्या हातांकडं पाहत होते.
बोलताना याशिका तीनदा पुसली,
झोर्कीला बोटसुद्धा लावलं नाही.
माणूस पुसतो ते विकायचं, मी हिशोब केला,
ठेवायचं त्याची धूळही तशीच राहू देतो.
"याशिका द्या."

फडकं थांबलं.
"देतो ना."
खोकं शोधलं, सापडलं, पुन्हा खाली ठेवलं.
"काय हाय, नातीला ह्यातले पिवळे-लाल दिवे लई आवडतात.
तिच्यासाठीच पुसायलो होतो.
पण तुम्ही म्हणलात, तर म्हणलात."

सव्वीस वर्षं मोजणी,
आणि चार फुटांवरचा माणूस चुकला.

झोर्की घेतली.
छिद्राचे म्हणून शंभर रुपये ते परत देत होते,
मी नको म्हटलं.
मग घेतले.

पहिला रोल पुण्याहून धुऊन आला
तोवर ज्वारी काढून झाली होती.
पिंगळीच्या शिवारातला एक बांध,
बांधाच्या अल्याड मुंजाजी, पल्याड त्याचा चुलता,
दोघांनीही टोप्या नीट केलेल्या,
आणि वर आभाळात तो.
मुंजाजीनं नख लावून पाहिलं.
"हे काय हो बाई?"
ऊन, मी म्हटलं. जुनं आहे. तुमच्या लग्नाच्याही आधीचं.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
"आन् कुणाच्या हद्दीत यायलं हे?"
मग फोटो उलटा करून
मागची बाजूही बघितली.