नोंद

उणे चोवीस. औलूमधलं गॅरेज.
डिकीची फळी उचलून
टाउनोनं जुनी बॅटरी काढली,
आधी काळी तार, मग लाल.
नवी बसवली. एका दमात गाडी सुरू.

"झालं," तो म्हणाला.
"कुठं झालं?" व्हिएनो म्हणाली.
"गाडीला अजून माहीतच नाही.
जुनीच समजून कोंबत राहील चार्ज,
आठ हिवाळे खाल्लेल्या जिवाला कोंबावा तसा."

स्टिअरिंगखाली केबल खोचली तिनं.
लॅपटॉपवर क्षमता, क्रमांक, तारीख.
पट्टी रेंगाळली,
मग हिरवी.

टाउनो स्टुलावरून उठला
भिंत धरून, डावा पाय ओढत.
"बाबा, गुडघा नवा बसवून
वर्ष झालं की!"

त्यानं खाली पाहिलं.
"ह्याची केबल कुठं खोचायची?"
आणि तसाच लंगडत
कॉफी ठेवायला गेला.