सात पदर

सुभाषनगरात, कातड्याच्या वासात,
सातप्पा लेबलं छापतोय.
शिक्क्यावर बोटभर चप्पल,
चपलेवर सात पदरांची वेणी,
केसाहून बारीक.

तळ ठोकावा तसा ठोकतो.
काळा गोळा. पुन्हा काळा गोळा.
“रबरवाल्यानं फसीवलं.”

आक्काताई वादी खाली ठेवते,
जुन्या ब्रशनं खाचांतली शाई काढते,
कागदाखाली कालचा पेपर सारते,
पॅडवर शिक्का टेकवते,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसा,
मग तोंडाजवळ नेऊन
त्यावर हाऽ करते.

“दाबू नगंस. नुसता ठेव.
हलवू नगंस.
आता उचल, सरळ.”

सात पदर. सुटे सुटे.

तिचा अंगठा
रेशनच्या मशीनवर उमटत नाही,
वेण्या घालून घालून गुळगुळीत झालाय.
सोमवारी पुन्हा बोलावलंय.