श्वास रोखा

जिल्हा लीगच्या ब गटात आम्ही सातवे.
संघही सातच.
खाली क गट नाही, म्हणून पडलो नाही,
एवढंच.

मी मिरजेचा गोलकीपर.
रविवार सोडून एका दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढतो.
आमची टीम मी आतून पाहिलीय:
बसगोंडाचं गळपट्टीचं हाड,
जुन्या फाटकासारखं एका अंगाला उतरलेलं,
तौफिक शिकलगारच्या नडगीतला स्क्रू,
जो थंडीत त्याच्या आधी जागा होतो.
शमुवेल आवळेच्या छातीत मात्र काहीच सापडलं नाही,
तरी विसाव्या मिनिटाला तो खाली बसतोच.

पहिली मॅच विट्याला. चार-शून्य.
दुसरी घरी, माधवनगरशी, रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर,
जिथं फक्की आम्हीच मारतो
आणि पेनल्टी बॉक्सची एक रेघ बाभळीपाशी वाकते,
कारण दोरी तिथं अडकते.
एक-एक.
त्या एका पॉइंटावर आम्ही स्टेशनसमोर
रात्री अकरापर्यंत भुर्जी-पाव खाल्ला
नि हुबळीकडं निघालेल्या गाडीतल्या
अनोळखी माणसांना हात केले.

डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या रस्ता सोडत नव्हत्या.
पलूसवाल्यांचा टेम्पो त्यांच्या मागं अडकला.
घोरपडे सरांनी नियमाप्रमाणं अर्धा तास घड्याळ पाहिलं
आणि शिट्टी वाजवली: तीन-शून्य.
मोसमातला आमचा एकमेव विजय.
रिकाम्या अर्ध्या मैदानाशी हात मिळवावेत का,
अशा विचारात आम्ही ओळीनं उभे.
पलूसची पोरं पोचली साडेपाचला.
मग खेळलोच, उगाच, बॉल दिसेनासा होईपर्यंत,
आणि हरलो.
हे कुठल्याच वहीत नाही.

जानेवारीत शिवारातून शिजत्या हळदीचा वास.
मैदान इतकं टणक, की डाइव्ह मारण्याआधी
मनातल्या मनात मोजायचं,
रजा किती उरल्यात.
इस्लामपूरनं पाच मारले. तासगावनं दोनच,
निम्मी पोरं द्राक्षकाढणीला होती त्यांची.
"बॉल आला की डोळं मिटतुयास गा तू,"
बसगोंडा म्हणाला.
मिटतो. पंधरा वर्षं मिटतोय.
बोललं नाही कुणी आजवर, एवढंच.

शेवटची जतला.
बरोबरी झाली असती तर सहावे आलो असतो.
दोन मिनिटं उरली असताना पेनल्टी.
त्यांचा नऊ नंबर, मिसरूडही धड नाही,
एक मोजा निळा, एक काळा.
चार पावलं मागं गेला, उजवा पाय जरासा आत टाकत.
दिवसातून साठ वेळा लोकांना सांगतो
ते स्वतःला सांगितलं:
श्वास रोखा. हलू नका.
आणि डोळे उघडे ठेवले.
सगळा दिसला बॉल. उसवलेली शिवण,
माती, व्हॉल्व्हचं काळं तोंड.
माझ्या डाव्या हाताला लागला,
खांबाला लागला,
परत त्याच्याच पायाशी.
मग आत.

मंगळवारी तळघराच्या बाकावर तोच.
सोबत वडील, चुरगळलेली चिठ्ठी:
उजवा घोटा, दोन बाजूंनी.
ओळखलं नाही त्यानं.
हातमोज्यांशिवाय मला कोण ओळखणार.
घोट्याला श्वास रोखायची गरज नसते,
तरी सांगितलं.
फिल्मवर जुनी तड, वाकडीच जुळलेली,
अख्खा मोसम तिच्यावर खेळलेला.
"लै वाईट हाय का?" वडिलांनी विचारलं.
डॉक्टर सांगतील, म्हटलं. आम्हाला बोलायची परवानगी नसते.

दारापर्यंत लंगडत गेला, तेव्हा राहवलं नाही.
पहिली तिकडंच मारायची, आधीच ठरलं होतं का?
पोरगं वळलं. बघत राहिलं.
मग जिन्याच्या कठड्याला धरून हसलं,
"न्हाई ओ.
तुमचं डोळं उघडं बगून
बिचाकलो."