कळवणारी

रात्रीचे पावणेदोन. वरळी कोळीवाड्यातला आमचा माळा,
खालून सोड्यांचा वास,
आणि स्क्रीनवर तीन ओळी
ज्यांना तेरा दिवस लागले.

पहिल्यांदा पाठवल्या तेव्हा चाळीस होत्या.
जाता जाता दिसेल ते साफ केलं होतं मी,
वाकडी नावं, जुने शेरे, कुणीतरी उघडा टाकलेला कंस.
रायमोचं उत्तर आलं. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही.
"यात तीन गोष्टी आहेत. एक पाठव."
राग आला. मग आठवलं,
मी नऊ वर्षांचा, ससून डॉकवर,
मांदेलीत करंदी तशीच ठेवून पाटी भरली होती
आणि हारकूमावशीनं ती माझ्याच पायांवर पालथी केली होती.

तर वाटे लावले.
एक नावांचा, एक शेऱ्यांचा,
दोन्ही बर्फात टाकले.
उरला हा.

ओळीच्या शेवटी मोकळी जागा चिकटून राहते,
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही,
तपासणारा प्रोग्रॅम ती लाल करून दाखवतो.
खवल्यांसारखी एकेक खरवडली.
कोऱ्या प्रतीवर लावून पाहिला. बसला.
मग स्वतःलाच पाठवला,
नुसती अक्षरं, रंग नाही, जोडपत्र नाही,
आणि परक्याची चिठ्ठी उघडावी तसा उघडला.

बिघाड एवढाच:
वजनकाटा संगणकाला आठ अक्षरं धाडतो.
शंभर किलोच्या आत पहिलं घर रिकामं असतं,
म्हणून कुणीतरी ते न बघताच पुढे जायला शिकवलेलं.
शंभर ओलांडले की त्या घरात एक येऊन बसतो.
काट्यावर एकशेचार, हिशेबात चार.
दिवसाच्या बेरजेत हे कुणाला दिसणार?
मावशीला दिसलं. ती डब्याच्या झाकणावर
खडूनं रेघा मारते.
म्हणाली, "शंबराचे वर गेला का काटा शंबर गिलतंय."

विषयाची ओळ आज्ञार्थात हवी, पन्नास अक्षरांत:
शेकड्याचा अंक वाच.
खाली कारण. कारण तिचंच, पण इंग्रजीत आणताना
"गिळतो"चं "सांडतो" झालं.
चूक नाही म्हणा. यंत्राला पोट कुठे असतं.
पण सांडलेलं फरशीवर सापडतं,
गिळलेलं कुणाच्या तरी पोटात जातं,
आणि डॉकवरची ती पोटं
मावशीला नावानिशी ठाऊक आहेत.
तीनदा खोडलं. "सांडतो"च ठेवलं.

शेवटी सही. पूर्ण नाव लागतं:
जयेंद्र हिराजी नाखवा.
या नावानं डॉकवर हाक मारली तर मी वळणारही नाही.

सहीच्या वर अजून एक ओळ घालता येते,
चूक कळवणाऱ्याची. नाव, आणि त्यापुढे ईमेल.
मावशीच्या फोनात चार नंबर आहेत,
त्यातला एक बर्फवाल्याचा.
तिच्या नावापुढे माझा पत्ता घालून बघितला.
तिची पाटी माझ्या खात्यावर चढवल्यासारखं वाटलं.
पुसला.

कळवणारी: हारकूबाई वैती.
पुढे काही नाही.
तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं पिवळी सूचना दिली,
पत्ता नाही.
मला माहीत आहे, म्हटलं,
आणि रेघेखाली, जिथलं काहीच कायम राहत नाही तिथे,
लिहिलं की ही दुसरी आवृत्ती,
चाळीसच्या तीन ओळी केल्या, बाकीचं मागाहून.

पाठवलं.

साडेतीनला बोळात पाटीचा आवाज.
खिडकीतून वाकून सांगितलं,
मावशी, तुझं नाव पाठवलं गं, लांब.
तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली,
वर न बघता विचारलं,
"कोनाचे हाती?"