खोकून बंद पडेपर्यंत

मे महिन्याचा पहिला आठवडा. तळ्यातला बर्फ
परवाच फुटला, काठाशी अजून त्याचा चुरा किणकिणतोय,
आणि दुकानासमोर हार्लन ओस्टाडचा पिकअप.
मागे, जुन्या रजईत गुंडाळलेली
बोटीची मोटर, दहा घोड्यांना जराशी कमी.
"सुरू होत नाही," तो म्हणतो.
बावीस वर्षं हेच वाक्य, हीच टोपी.

बावीस वर्षं मीही तेच सांगत आलेय.
इथेनॉलला पाण्याचा भारी सोस, हार्लन.
हवेतनं, धुक्यातनं, टाकीच्या सैल झाकणातनं
ते ओलावा ओढत राहतं हिवाळाभर,
आणि सोसेनासं झालं की पेट्रोलशी काडीमोड घेऊन
पाण्याचा हात धरून तळाशी जाऊन बसतं.
आणि नळी तुझी तळातूनच पिते.

एकदा त्याला बरणी करून दाखवली होती,
काकडीच्या लोणच्याची, धुतली तरी शेपूचा वास येणारी.
खाली पाणी, वर पंपावरचं पेट्रोल,
मधे मार्करची रेघ.
हलवली, ठेवली, दोघांनी एकेक कॉफी प्यायलो.
पाणी रेघेच्या वर चढून बसलेलं.
"हा तुझा मका," मी म्हटलं.
कारण दक्षिणेला त्याचं तीनशे एकर शेत,
आणि ट्रक थेट इथेनॉलच्या कारखान्यात.
त्यानं बरणी खिडकीच्या उजेडात धरली,
बराच वेळ बघत राहिला.
"दाणा चांगला होता त्या वर्षी," एवढंच म्हणाला.

उपाय काही अवघड नाही.
सप्टेंबरात शेवटची फेरी झाली की
इंधनाची नळी काढायची, मोटर चालू ठेवायची,
कार्ब्युरेटरातला शेवटचा थेंब जळून
ती खोकून बंद पडेपर्यंत.
हार्लनला ते जमत नाही.
"धडधाकट चालणाऱ्याला उपाशी मारायचं?"
म्हणून दर मे महिन्यात मी त्या वाटीतनं
हिरवट चिकटा खरवडते,
गिटारच्या तारेनं सुईएवढी भोकं मोकळी करते,
फुगलेली रबरी नळी कापून नवी घालते,
आणि बिलात ते सगळं "सफाई" म्हणून लिहिते.

यंदा वाटीचा स्क्रू सोडला
तर आत काहीच नाही.
कोरडी. लख्ख. पितळ नव्या नाण्यासारखं.
मग हुडच्या आतल्या बाजूला
कागदी चिकटपट्टी दिसली, पेन्सिलीनं लिहिलेली:
रिकामी केली. २१ सप्टें. बो.

बोर्गहिल्ड.
तिनं फोन केला होता मला, आत्ता आठवतंय,
नळी कुठल्या बाजूनं सुटते विचारायला,
मागे मोटरचाच आवाज होता.
"त्याला सांगू नकोस," म्हणाली, "तो आत झोपलाय."
जानेवारीत ती गेली. चर्चच्या तळघरात
मी हॅम सँडविच खाल्लं, हार्लनशी हस्तांदोलन केलं,
आणि हा फोन मला आठवलासुद्धा नव्हता.

मोटर पाण्याच्या पिंपाला अडकवली.
ताजं पेट्रोल घातलं, दोरी ओढली.
दुसऱ्या झटक्याला सुरू.
हार्लन दारात उभा, हात खिशात.
"तू दोरी ओढून पाहिलीस तरी का रे?"
त्यानं मान हलवली. नाही.

पट्टी त्याला दाखवावी की नाही
ह्याचा मी फार विचार केला नाही. हुड उलटं करून
त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा शोधला,
तो गाडीत होता, आणायला गेला,
आणि बराच वेळ आलाच नाही.
मोटर पिंपात चालू होती, पाणी उसळत होतं,
मी स्पार्क प्लग बदलला नाही, गरज नव्हती.

आला तेव्हा डबा पुढे केला.
"कुठलं भरू?"
मागच्या पंपाचं, निळ्या दांड्याचं, मी म्हटलं,
चाळीस सेंट महाग, पण त्यात इथेनॉल नाही.
"म्हणजे माझा मका नाही."
"नाही."
"बरं," तो म्हणाला, आणि मग,
"बिल किती?"
मी बारा डॉलर सांगितले. कशाचे, ते त्यानं विचारलं नाही.