शिराझ आणि कळण्याची भाकर

चार हंगाम शिराझ पिकवली,
आणि तिची एक चूळसुद्धा तोंडात घेतली नव्हती.

पिंपळनेरात आधी हसले सगळे.
मणी एवढासा, वाटाण्याएवढा,
आत दोन बिया, साल चिवट.
'हाई द्राक्ष शे का करवंद?' लोटन आबा म्हणायचे.
पोरं बागेत शिरायची, चार मणी चघळून थुंकायची
आणि बांध ओलांडून भामऱ्यांच्या थॉमसनमध्ये जायची.
राखण लागत नाही,
तेवढा एक फायदा.
साळुंक्यांना मात्र जातीचं काही पडलेलं नसतं.

फेब्रुवारी सरताना पहाटे तीनला
कपाळाला बॅटऱ्या बांधून घड कापायचे.
साखर तपासायची नळी डोळ्याला लावून
चोवीस दिसले की गाडी भरायची.
सेलबारी चढून ती नाशिककडे जायची.
मागे राहायचे चिकट क्रेट, गांधीलमाश्या,
आणि माझी जांभळी बोटं, आठवडाभर.

या वर्षी कंपनीच्या मृण्मयी मॅडमनी
दोन बाटल्या पाठवल्या, सोबत एक कागद.
'काळी मिरी, जांभूळ, किंचित धूर.
भाजलेलं कोकरू किंवा जुनं चीज यांच्यासोबत घ्यावी.'
जुनं चीज.
आमच्याकडे जुनं म्हणजे लोणचं.

लग्नातल्या सहा काचेच्या ग्लासांपैकी चार उरलेत.
ते पुसले.
पहिल्यांदा शेवभाजी, कारण तीच तयार होती.
चूक झाली.
तेलाची तर्री, वर तिखट शेव, त्यावर घोट:
जिभेवर कुणी खिळा ठेवला असं वाटलं.
मिरची पेटली, वाईन कडू झाली,
दोघी एकमेकींचं नाव घेईनात.
लोटन आबांनी आयुष्यभर मोहाची घेतलेली.
ग्लास दिव्याकडे धरून म्हणाले,
'आंबट नही, गोड नही, चढत बी नही.
मंग पेवानी कसाले?'
मला उत्तर आलं नाही.
मॅडमच्या कागदावरही नव्हतं.

दुसरी बाटली ठेवली जानेवारीपर्यंत.
पांझरेवरून वारा सुटला की
वांग्यांची साल पातळ होते, बी कमी होतं.
कौतिकने पऱ्हाट्यांच्या जाळावर
हिरवी वांगी भाजली, काळी होऊन फुटेपर्यंत.
मी लाकडी बडजीत ठेचली.
मिरच्या सहाच, मीच अडवलं.
वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल.

घोट घेतला, आणि थांबलो.
वांग्याचा धूर आणि वाईनमधला धूर
एकाच शेकोटीवरून उठून आल्यासारखे.
तुरटपणाने तेल पुसलं,
तेलाने तुरटपणा.
मग मिरी आली, उशिरा,
पाहुणे गेल्यावर येणाऱ्या जावयासारखी.
कौतिकने घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
भरीत खाल्लं, पुन्हा घोट घेतला,
आणि यावेळी तोंड वाकडं करायला विसरली.

माय लांब बसली होती, पाठ करून.
घरात दारू आली म्हणून दुपारपासून अबोला.
सगळ्यांचं होत आलं तेव्हा सरकत आली.
कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला,
उडदाने काळसर, मिठाचा,
आणि चहात बुडवतात तसा
माझ्या ग्लासात बुडवला.
चावला.
बराच वेळ चावला.
'जमिनीसारखी लागते,' म्हणाली.
'आपल्या की दुसऱ्याच्या?' मी विचारलं.
तिने दुसरा तुकडा मोडला.

बाटलीवर नाशिकचं नाव आहे, डोंगराचं चित्र आहे.
पिंपळनेर कुठे नाही.
मायने विचारलं, यात किती द्राक्षं गेली?
सव्वा किलो, मी म्हटलं. एका वेलाचा निम्मा माल.
'कोणत्या वेलाचा?'
आता हे कसं सांगायचं.
विहिरीकडचा असेल, म्हटलं,
तिसऱ्या ओळीतला, ज्याला पाणी कमी पडतं.

सकाळी बाटली धुऊन उन्हात पालथी घातलेली.
संध्याकाळी पाहिलं तर तिच्यात
अंबाडीचं बी भरलेलं,
तोंडाला चिंधीचा बोळा.