चौथी प्रत

किल्ला कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर पत्रा, समोर गोदरेजचं मराठी यंत्र.
त्याचा ७ झिजलेला,
कागदावर गळासारखा उमटायचा.
घरभाड्याच्या नोटिसा, नावात बदल, हरवलेलं रेशनकार्ड,
आणि वर्षातून दोनतीनदा
तीन, सात, सात.

प्रती तीन काढायच्या. कोर्टाला, सरकारी वकिलाला, पक्षकाराला.
चौथीला अक्षरं पुसट येतात.
कायदाही असाच आला असणार.
पहिला कागद विलायतेत, कुण्या राजाच्या काळचा,
त्यात फाशी होती.
अठराशे साठ साली कलकत्त्याला नवा कागद चढवला,
फाशीच्या जागी काळं पाणी.
मग कार्बन घालत गेले, मलाया, सिंगापूर, रंगून,
कुठे नंबर तोच, कुठे बदललेला.
सदुसष्ट साली त्यांनी आपली मूळ प्रत
बरीचशी फाडून टाकली.
आमच्याकडे कार्बन शाबूत.

मसुदा करणाऱ्या साहेबाने म्हणे लिहून ठेवलंय,
या विषयावर जितकं कमी बोलाल तितकं बरं.

एकोणनव्वदचा फेब्रुवारी.
मोरेश्वर केणी, वय बावीस, लेथवर हेल्पर, राहणार माझगाव.
मैदानाच्या कडेला, मुतारीच्या मागे धरलेला.
हवालदाराने आधी घड्याळ घेतलं, मग पगाराचं पाकीट,
त्यातही भागेना, तेव्हा गुन्हा नोंदवला.
जामिनाचा अर्ज मी टाइप करत होतो
आणि त्याचा बाप माझ्या खांद्यावरून वाचत होता,
एकेक अक्षर लावत.
"निसर्ग... क्रमा... विरुद्ध. म्हणजे काय हो, मास्तर?"
मी म्हणालो, मारामारी.
"मारामारी होय," तो म्हणाला,
आणि बसला चक्क माझ्या पेटीवर, हायसं वाटून.
शेजारच्या टेबलावर ताहेरभाई
तिकिटांना पाणी लावत होता. त्याने मान वर केली नाही.

ताहेरभाई स्टँप विकायचा. सव्वीस वर्षं शेजारी.
दुपारी त्याच्या डब्यातला कीमा, माझी भाकरी.
शीवच्या माझ्या खोलीची एक किल्ली
त्याच्या जुडग्यात, दुकानाच्या किल्ल्यांमध्ये.
साहेबाचं तेवढं एक आम्ही पाळलं:
कमीत कमी बोललो.

नऊच्या जुलैत दिल्लीहून निकाल आला.
तो मुंबईत चालतो का, यावर वकील चहा थंड करत बसले.
ताहेर म्हणाला, "आधा चला तो भी बस है."
अकराच्या नोव्हेंबरात गेला, सैफी हॉस्पिटलात.
मुलांनी मला चपलांजवळ बसवलं,
पण पाणी विचारलं. खोटं कशाला बोलू.
चारेक वर्षांचीच काय ती फट,
तो तिच्यातून निर्दोष निघून गेला.
तेराच्या डिसेंबरात निकाल फिरला
आणि मी परत आरोपी:
वय त्रेसष्ट, गुडघे आखडलेले,
सहआरोपी मयत.

अठराच्या सप्टेंबरात फुटपाथवर पोरं नाचली.
एकीने माझ्या गालाला जांभळा रंग लावला,
मी फक्त तिच्या वाटेत उभा होतो.
तिला सांगावं असं बरंच होतं. म्हटलं, "पुढे खड्डा आहे, बघ."

पोरं गेल्यावर ताहेरच्या पेटीतून
त्याचा उरलेला एक स्टँप काढला.
सहा महिन्यांत स्टँप शिळा होतो, हे त्यानेच शिकवलेलं,
कुठल्या कोर्टात तो चालणार नव्हता.
तरी यंत्रावर चढवला, खाली तीन कार्बन घातले,
कुणासाठी, कोण जाणे.
तारीख टाकली, सहा नऊ दोन हजार अठरा.
तिच्यात एकही सात नव्हता.
मग नेहमीची सुरुवात, बोटांना पाठ असलेली:
मी खाली सही करणार,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की,
केणी,
ती मारामारी नव्हती.